योगक्षेम कोण वाहतो? : एका निवृत्त सैनिकाच्या जीवनाचे स्मरण

ज्या गृहस्थाची ईश्वरावर निष्ठा आहे, त्याने आपल्या आयुष्याचा विमा उतरवावा काय? हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा वाटतो. परंतु थोडे खोल गेले म्हणजे तो श्रद्धेचा आणि कर्तव्याचा आहे असे दिसून येते. गीतेच्या नवव्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकात भगवंतांनी अनन्य भक्ताला असे आश्वासन दिले आहे की, त्याचा योगक्षेम मी स्वतः वाहतो. असे आश्वासन असता एखाद्या संस्थेचा करार पेटीत जपून ठेवणे म्हणजे भगवंतांच्या शब्दापेक्षा कागदावर अधिक भरवसा ठेवणे नव्हे काय? आणि विशेष हे की, भारतीय आयुर्विमा महामंडळाने आपल्या बोधचिन्हासाठी नेमका त्याच श्लोकाचा अखेरचा चरण निवडलेला आहे. दोन तळहातांच्या आडोशाला तेवणारी ज्योत, आणि तिच्यासोबत भगवंतांचे ते वचन. वचन भगवंतांचे आणि हप्ता महामंडळाचा, या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा?

या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. जो मनुष्य विम्याची विक्री करून उदरनिर्वाह करतो, त्याचे कर्म कोणत्या प्रकारचे मानावे? तो लोकांना मरणाची आठवण करून देतो आणि त्या आठवणीवर त्याची दलाली अवलंबून असते. फळावर ज्याचे पोट आहे, त्याने फलाशा सोडावी कशी? आणि असा मनुष्य पूर्वी सैनिक असेल, स्वतःचे आयुष्य ज्याने मोलभाव न करता देशाच्या स्वाधीन केले असेल, तर त्याने पुढे इतरांच्या आयुष्याचे मोल ठरवीत दारोदार हिंडणे हे त्याचे पतन म्हणावे काय?

केवळ शब्दांनी या प्रश्नांचा निकाल लावण्यापेक्षा एका जीवनाच्या आधाराने त्यांचा विचार करणे बरे. ज्याचे येथे स्मरण करावयाचे आहे, तो कोणी एक नामवंत पुरुष नव्हे. जबलपूरसारख्या लष्करी गावात सैन्यातून परत आलेली आणि विम्याची पिशवी खांद्याला लावून उरलेले आयुष्य वेचलेली जी माणसे होऊन गेली, त्यांच्या जीवनक्रमावरून एक आकृती विचारासाठी उभी केली आहे. तिला नाव न देता ‘सुभेदार’ एवढेच म्हणणे पुरेसे आहे. गावाचा आणि काळाचा इतिहास मात्र खरा आहे, आणि प्रश्नही खरा आहे.

जबलपूर हे नर्मदेच्या काठचे गाव. ग्वारीघाटावर स्नानाला जाणारे, भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहून थक्क होणारे यात्रेकरू त्याला तीर्थाच्या दृष्टीने ओळखतात. नागपूरकर भोसल्यांची सत्ता १८१७ पर्यंत येथे होती, आणि पुढे मध्यप्रांताचा कारभार नागपुराहून चालत असे. त्यामुळे मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. परंतु या गावाची दुसरी ओळख सैन्याची आहे. तोफांचे गाडे बनविण्याचा कारखाना १९०४ साली येथे निघाला. दारूगोळ्याचा खमरियाचा कारखाना १९४२ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत सुरू झाला. लष्करी मोटारींचा कारखाना १९६९ साली उभा राहिला. सदरचा बाजार आणि रांझीची वस्ती यांचे जीवन छावणीच्या आणि कारखान्याच्या भोंग्यावर चालत आलेले आहे.

याच गावाने सैनिकाच्या पोटापाण्याची अनिश्चितताही पाहिली आहे. फेब्रुवारी १९४६ च्या अखेरीस येथील सिग्नल केंद्रातील सुमारे १७०० हिंदी सैनिकांनी वेतन, अन्न आणि वागणूक यांविषयीच्या तक्रारी घेऊन बराकी सोडल्या आणि शांततेने मोर्चा काढला. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटले आणि मुंबईच्या नाविकांचा उठाव या घटना ताज्या होत्या. त्या प्रकरणात अनेकांना शिक्षा झाल्या, अनेकांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांच्या घरात गेली होती. युद्ध संपताच त्यांतील बहुतेकांना घरी पाठविण्यात आले. ज्यांनी ब्रह्मदेशात आणि इटलीत पराक्रम केला, ते आपापल्या गावी परतून काम शोधू लागले. जो काल राज्याचे रक्षण करीत होता, त्याच्या स्वतःच्या घराचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न त्या काळी असंख्य घरांत उभा राहिला.

सुभेदार सिग्नल दलात १९४२ साली, वयाच्या अठराव्या वर्षी भरती झाले. १९४४ मध्ये इंफाळच्या वेढ्यात त्यांनी बिनतारी यंत्र सांभाळले. तेथे त्यांचा सातारा जिल्ह्यातील एक सोबती पडला. पुढे रजा मिळाली तेव्हा त्या सोबत्याची पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन सुभेदार त्याच्या गावी गेले. पेटीत दोन कपडे, एक आरसा आणि घरची चार पत्रे होती. सोबत्याच्या म्हाताऱ्या आईने पेटी उघडून पाहिली आणि विचारले, “एवढंच का रे, बाबा?” त्या प्रश्नात लोभ नव्हता. मुलगा गेला आणि त्याच्या जागी एवढेच उरले काय, असे ती माउली विचारीत होती. सुभेदारांना तेव्हा उत्तर सुचले नाही. पुढील सारे आयुष्य त्यांनी त्या उत्तराच्या शोधात घालविले, असे म्हटले तरी चालेल.

१९६८ साली ते निवृत्त झाले. वय चव्वेचाळीस, तीन मुले शिकत असलेली, निवृत्तिवेतन बेताचे. काही काळ विचार करून त्यांनी आयुर्विम्याची एजन्सी घेतली.

घरातूनच पहिला आक्षेप आला. आई म्हणाली, “अरे, इतकी वर्षं सरकारची सेवा केलीस, आता लोकांच्या दारी जाऊन त्यांच्या मरणाचा धंदा करणार?” शेजारी एक वृद्ध शास्त्रीबुवा राहत. ते अधिक स्पष्ट बोलले: “सुभेदार, ज्याने श्वास दिला तो घासही देईल. लोकांचा देवावरचा विश्वास उडवून त्यांना कागदाच्या नादी लावणे हे काही पुण्याचे काम नव्हे.” सुभेदारांनी हात जोडले आणि म्हटले, “बुवा, आपण म्हणता ते खोटं नसेल. पण ज्या घरी मी पेटी घेऊन गेलो होतो, त्या घरी देवाने मलाच पाठवलं होतं, आणि मी रिकाम्या हातांनी गेलो होतो.”

शास्त्रीबुवांचा आक्षेप दुर्लक्षून चालणार नाही. त्याचा विचार करण्यासाठी एक परंपरागत कथा पुरेशी आहे. ती पुष्कळांनी ऐकलेली असेल. एक दरिद्री ब्राह्मण गीतेवर टीका लिहीत होता. नवव्या अध्यायाच्या या श्लोकाशी आल्यावर तो थांबला. भगवंत योगक्षेम ‘देतात’ हे त्याला पटले. परंतु ते तो स्वतः ‘वाहतात’, ओझ्यासारखा पाठीवर घेतात, हे त्याला पटेना. जगदीश्वर कोणाचे ओझे वाहील? म्हणून त्याने ‘वाहतो’ या शब्दावर रेघ मारली आणि ‘देतो’ असा शब्द लिहिला. मग तो भिक्षेला बाहेर पडला. मागे एक सुकुमार बालक त्याच्या घरी धान्याची ओझी घेऊन आले. त्याच्या अंगावर एक ताजा व्रण होता. ब्राह्मणाच्या पत्नीने विचारले तेव्हा ते बालक म्हणाले की, तुझ्या पतीनेच मला ही जखम केली आहे. ब्राह्मण परत आला, पत्नीने सांगितले ते ऐकले, आणि आपण रेघ कोठे मारली हे त्याला उमगले.

या कथेचे मर्म पुष्कळदा अर्धेच घेतले जाते. भगवंत भक्ताच्या घरी धान्य पोचवितात, एवढेच त्यात नाही. धान्य आपोआप आकाशातून पडले नाही. ते कोणाच्या तरी खांद्यावरून आले, आणि खांदा वाकला तेव्हाच पोचले. ज्ञानेश्वर महाराजांनी या ठिकाणी पक्षिणीचा दृष्टांत दिला आहे. पंख न फुटलेल्या पिलांसाठीच ती जणू जगते. पक्षिणी चारा आणते तो चोचीने, स्वतः उडून, स्वतः श्रमून. ईश्वराचे देणे कोणाच्या तरी श्रमाच्या द्वारेच आपल्यापर्यंत येते. शेतकऱ्याच्या हातून अन्न येते, वैद्याच्या हातून औषध येते, सैनिकाच्या हातून रक्षण येते. यांपैकी एकाही हाताचा स्वीकार करताना आपण श्रद्धेला बाध आला असे मानीत नाही. मग पुष्कळ गृहस्थांनी मिळून थोडे थोडे द्रव्य एकत्र ठेवावे आणि ज्याच्या घरावर आघात होईल त्याच्या मुलाबाळांना त्यातून आधार द्यावा, या व्यवस्थेनेच श्रद्धेला बाध येतो असे का मानावे?

श्रीमद् आद्य शंकराचार्यांनी योग म्हणजे अप्राप्त वस्तूची प्राप्ती आणि क्षेम म्हणजे प्राप्त वस्तूचे रक्षण असा अर्थ केला आहे. आणि त्या श्लोकातील आश्वासन कोणासाठी आहे हेही विसरता कामा नये. जो अन्य कशाचेही चिंतन करीत नाही, जो नित्य भगवंतांशी युक्त आहे, त्याच्यासाठी ते आहे. जो गृहस्थ दिवसभर बाजारभावाचे चिंतन करतो, पानतंबाखूला पैसा काढतो आणि मुलांच्या भवितव्याचा विषय निघताच मात्र ‘देव आहे’ असे म्हणतो, त्याला त्या श्लोकाचा आधार घेण्याचा अधिकार पोचत नाही. तो भगवंतांवर भार टाकीत नाही. तो आपला भार पत्नीवर आणि तान्ह्या मुलांवर टाकतो, आणि वर नाव भगवंतांचे घेतो. कर्म केल्यावाचून शरीरयात्राही चालत नाही, असे तिसऱ्या अध्यायात भगवंतांनीच सांगितले आहे.

परंतु याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. विम्याचा कागद म्हणजे आश्रय नव्हे. त्यातून रक्कम मिळते, पिता मिळत नाही. मे १९९७ च्या बाविसाव्या दिवशी पहाटे जबलपुरात भूकंप झाला, कित्येक घरे कोसळली, माणसे दगावली. अशा पहाटे मनुष्याला कळते की, छप्पर, भिंत, बँकेचे पुस्तक आणि विम्याचा कागद ही सर्व साधने आहेत. त्यांतील एकही शाश्वत नाही. साधनाला साधन म्हणून वापरावे आणि आधार म्हणून ईश्वराला धरावे. शास्त्रीबुवांच्या म्हणण्यात सत्य होते ते एवढेच, आणि ते थोडे नव्हे.

आता दुसरा प्रश्न. अठराव्या अध्यायात क्षत्रियाची लक्षणे सांगताना शौर्य, तेज, धैर्य, दक्षता, युद्धातून न पळणे, दान आणि स्वामित्वाची वृत्ती यांचा उल्लेख आहे. सैनिकाने हे सोडून क्रयविक्रयाच्या कामात पडणे हे स्वधर्मापासून ढळणे होय, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु महाभारताचेच उदाहरण घ्यावे. अज्ञातवासाच्या वर्षी विराटाच्या घरी भीमाने स्वयंपाक केला, नकुलाने घोडे सांभाळले, सहदेवाने गाई राखल्या, अर्जुनाने राजकन्येला नृत्य शिकविले. काम बदलले, वेष बदलला. परंतु भीमाचे भीमपण पाकशाळेत संपले नाही. त्याच महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याला धर्माचा उपदेश करणारा तुलाधार हा तराजू हाती घेऊन बसणारा वाणी आहे. सर्वांशी समान असणारी तराजूची दांडी हेच त्याचे व्रत होते. आणि आपल्या महाराष्ट्रात तर देहूच्या दुकानदाराने कर्जखतांचे कागद इंद्रायणीत सोडल्याचे चरित्रकार सांगतात. तेव्हा दुकान हे अधर्माचे ठिकाण नव्हे; दुकानात बसणाऱ्याच्या वृत्तीवर सर्व अवलंबून आहे. आपापल्या कर्माने ईश्वराचे पूजन करून मनुष्य सिद्धी पावतो, हा अठराव्या अध्यायाचा स्पष्ट सिद्धांत आहे.

मात्र एवढ्याने प्रश्न सुटत नाही. सैनिकाच्या वेतनात आणि एजंटाच्या दलालीत एक मोठा भेद आहे. बिनतारी यंत्रावर बसलेल्या शिपायाला संदेश पोचो वा न पोचो, महिन्याचे वेतन मिळे. एजंटाला मात्र विमा उतरला तरच पैसा मिळतो, न उतरला तर दिवसभराची वणवण फुकट जाते. त्यातही दलालीचा मोठा वाटा पहिल्या वर्षाचा असे आणि पुढील वर्षांचा लहान, अशी या धंद्याची रीत दीर्घकाळ चालत आली. म्हणजे फळाचा मोह पहिल्याच दिवशी सर्वांत प्रबळ. अशा ठिकाणी निष्काम कर्म म्हणजे काय?

दलाली घेऊ नये, असा त्याचा अर्थ नव्हे. मजुरीचा स्वीकार आणि फलासक्ती या दोन भिन्न वस्तू आहेत. कसोटी अशी की, जेथे फळ आणि कर्तव्य यांची वाट वेगळी होते, तेथे मनुष्य कोणत्या वाटेने जातो. सुभेदारांच्या आयुष्यात अशा वाटा वारंवार फुटल्या.

खमरियाच्या कारखान्यातील एका कामगाराने मोठ्या रकमेचा विमा मागितला. त्याच्या भावाने मोठा उतरविला होता, त्याला त्याहून मोठा हवा होता. सुभेदारांनी त्याच्या घरचा खर्च विचारला, कागदावर मांडला आणि म्हणाले, “दादा, हा हप्ता तुला दोन वर्षं झेपेल, तिसऱ्या वर्षी बंद पडेल. अर्ध्या रकमेचा उतरव, पण शेवटपर्यंत चालव.” हप्ते चुकून बंद पडलेला विमा हा गृहस्थाचे द्रव्यही घेतो आणि आधारही देत नाही. एजंटाची पहिल्या वर्षाची दलाली मात्र तोपर्यंत खर्चूनही झालेली असते. त्या दिवशी सुभेदारांची कमाई निम्म्यावर आली.

दुसरा प्रकार दलालीत वाटा मागणाऱ्यांचा. सदरच्या एका व्यापाऱ्याने सांगितले की, पहिल्या हप्त्यातील काही भाग परत द्याल तर तुमच्याकडून घेतो, नाहीतर दुसरे पुष्कळ आहेत. विमा कायदा १९३८ सालचा. त्याच्या ४१ व्या कलमाने अशी सूट देणे आणि घेणे दोन्ही निषिद्ध आहेत. सुभेदार उठून आले. येथे सैन्याची शिस्त त्यांच्या कामी आली. नियम कोणी पाहत नसतानाही नियमच असतो, हे त्यांना शिकवावे लागले नाही.

परंतु तिसऱ्या एका प्रसंगी ते कमी पडले, आणि खरा धडा त्यांना तेथे मिळाला.

राइट टाउनमधील एक स्नेही, शाळेत शिक्षक. त्यांच्या छातीत अधूनमधून दुखे. डॉक्टरांनी हृदयाचा विकार सांगितला होता. ते म्हणाले, “सुभेदार, अर्जात हे लिहू नका. लिहिलं तर हप्ता वाढेल, कदाचित नाकारतील. माझ्या दोन मुली आहेत.” सुभेदारांनी सांगितले, “गुरुजी, खोटं माझ्या हातून लिहिलं जाणार नाही,” आणि ते घरी आले. आपण सत्य सांभाळले याचे त्यांना समाधान वाटले. गुरुजींनी दुसऱ्या एका एजंटाकडून विकार लपवून विमा उतरविला. चौदाव्या महिन्यात ते वारले. विमा उतरविल्यापासून ठराविक मुदतीच्या आत मृत्यू झाला असता अर्जातील माहितीची चौकशी करण्याचा अधिकार कायद्याच्या ४५ व्या कलमाने दिला आहे. ही मुदत पूर्वी दोन वर्षांची होती, २०१५ सालापासून तीन वर्षांची झाली. चौकशीत विकार उघड झाला आणि रक्कम नाकारली गेली.

गुरुजींची पत्नी मुलींना घेऊन सुभेदारांकडे आली. तिला काही मागावयाचे नव्हते. कागद वाचून दाखवा एवढेच ती म्हणाली. सुभेदारांनी वाचून दाखविला. मग तिने विचारले, “भाऊजी, यांनी आधी तुम्हाला विचारलं होतं ना? मग तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

इंफाळच्या सोबत्याच्या आईने जो प्रश्न विचारला होता, त्याच जातीचा हा प्रश्न होता. सुभेदारांनी खोटे लिहिले नव्हते. कायद्याने ते निर्दोष होते. परंतु निर्दोष असणे आणि कर्तव्य पुरे करणे या दोन गोष्टी एक नाहीत, हे त्यांना त्या दिवशी कळले. त्यांनी नकार देऊन आपले हात स्वच्छ ठेवले आणि गुरुजींना खड्ड्याच्या काठावर तसेच सोडून दिले. विकार सांगूनही अधिक हप्त्याने विमा मिळू शकला असता. न मिळता तर टपाल कार्यालयात मुलींच्या नावे नियमित बचत करता आली असती. निदान लपविलेल्या विकाराचा परिणाम काय होतो, हे त्या दोघांना समोर बसवून सांगता आले असते. यांतील काहीच केले गेले नाही. सत्याचे पालन झाले. परंतु ते सत्य हितकर होईपर्यंत पोचविले गेले नाही.

सिग्नल दलातील प्रत्येक शिपायाला प्रथम एक गोष्ट शिकविली जाते. संदेश पाठविला म्हणजे काम झाले असे नव्हे. पलीकडच्या माणसाने तो मिळाल्याची पोच दिली म्हणजे काम झाले. पोच येईपर्यंत यंत्रावरून उठावयाचे नाही. सुभेदारांनी इंफाळला रात्रीच्या रात्री हा नियम पाळला होता. गुरुजींच्या घरून मात्र ते पोच न घेता उठले होते. पुढे ते मुलांना म्हणत, “लढाईत पाठ दाखवली नाही, पण गुरुजींच्या ओट्यावरून मी पाठ दाखवून आलो.”

सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीच्या तपाचे वर्णन केले आहे. उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे हे ते तप होय. यांतील सत्य हा एकच अंश घेऊन मनुष्य पुष्कळदा संतुष्ट होतो. विम्याच्या धंद्यात उलट प्रकारही घडतो. मरणाचे भय दाखवून, उद्वेग निर्माण करून, गोड शब्दांनी अपुरे सत्य विकले जाते. चारही अंश एकत्र सांभाळणे कठीण आहे, म्हणूनच त्याला तप म्हटले आहे.

त्या प्रसंगानंतर सुभेदारांच्या कामाची रीत बदलली. ते कोणत्याही घरी केवळ पुरुषाशी बोलून अर्ज भरीत नसत. पत्नीलाही समोर बसवीत. रक्कम किती, हप्ता केव्हा, नामनिर्देशन कोणाचे, कागद कोठे ठेवावयाचा, अर्जात आजाराविषयी काय लिहिले आहे, हे तिच्या तोंडून वदवून घेत. ही त्यांची पोच. ज्या घरी कर्जाचा बोजा असे, तेथे ते १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीच्या कायद्याचे सहावे कलम समजावून सांगत. त्या कलमाखाली पत्नीच्या आणि मुलांच्या हितासाठी उतरविलेला विमा न्यासासारखा वेगळा राहतो, सावकाराला सहसा त्यावर हात घालता येत नाही. वहीत प्रत्येकाच्या हप्त्याची तारीख लिहिलेली असे. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते. ती संपण्यापूर्वी सायकल त्या दारी जाऊन उभी राही, मग त्या हप्त्यावर मिळणारी दलाली चार रुपये असो वा चाळीस. आणि घरात कोणी वारले तर तेरावा होण्याची वाट पाहून, मग मागणीचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि मूळ कागद यांची जुळवाजुळव ते स्वतः करीत. या कामाला दलाली नसते. सुभेदार म्हणत की, खरे काम येथून सुरू होते; आधीचे सारे भरतीच्या दिवसासारखे.

गुरुजींच्या धाकट्या मुलीची शाळेची फी ते कित्येक वर्षे भरीत होते, हे त्यांच्या पश्चात त्या मुलीनेच सांगितले. प्रायश्चित्त म्हणून की स्नेह म्हणून, हे त्यांनी कोणाला बोलून दाखविले नव्हते.

आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाच्या इतिहासातही असाच एक विचार करण्याजोगा भाग आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला तेव्हा अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख होते. त्या वेळी देशात विम्याचा व्यवहार करणाऱ्या देशी, विदेशी आणि लहान प्रॉव्हिडंट संस्था मिळून २४५ होत्या. काहींच्या कारभारात विश्वासाने ठेवलेल्या पैशाची हेळसांड झालेली होती. त्या सर्वांचे मिळून १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ स्थापन झाले. परंतु त्या दिवशी देशमुख मंत्रिपदावर नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्यापूर्वीच राजीनामा दिलेला होता. पेरणाऱ्याच्या हाती कापणी आली नाही, म्हणून पेरणी व्यर्थ गेली नाही. २००० सालापासून खासगी कंपन्यांनाही हे क्षेत्र मोकळे झाले. संस्था बदलतात, नियम बदलतात. परंतु दुसऱ्याच्या अनाथ होणाऱ्या लेकरांसाठी ठेवलेला पैसा हा विश्वासाचा पैसा आहे, हे बदलत नाही.

सुभेदारांच्या पाठीमागे काही मोठी मिळकत राहिली नाही. राहिली ती सायकल, पिशवी आणि तारखांची वही. त्यांच्या तेराव्याला पुष्कळ स्त्रिया आल्या होत्या. त्यांतील बऱ्याच जणींना घरच्या मंडळींनी ओळखलेही नाही. एक वृद्धा म्हणाली, “आमचे हे गेले तेव्हा सगळे सांत्वनाला आले. हे मात्र सांत्वनाला आले आणि कामालाही लागले.” इंफाळहून आणलेल्या पेटीपाशी जो प्रश्न सुभेदारांना निरुत्तर करून गेला होता, त्याचे उत्तर याहून वेगळे काय असणार?

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाचा निष्कर्ष असा. ईश्वरनिष्ठ गृहस्थाने आपल्या शक्तीनुसार कुटुंबाच्या रक्षणाची तजवीज करावी. ते अश्रद्धेचे लक्षण नव्हे, कर्तव्याचे अंग आहे. ती करताना खरे सांगावे, झेपेल तेवढेच अंगावर घ्यावे आणि जिच्यासाठी हे करावयाचे त्या पत्नीला त्यातील प्रत्येक गोष्ट ठाऊक असावी. मग कागद पेटीत ठेवून भार भगवंतांवर सोपवावा. आणि ज्याच्या वाट्याला दुसऱ्याचा योगक्षेम पोचविण्याचे काम आले आहे, मग तो सैनिक असो, वैद्य असो, शिक्षक असो किंवा विम्याचा एजंट असो, त्याने हे ध्यानी ठेवावे की, देणारा तो नव्हे. देणारा वेगळाच आहे. आपल्याकडे केवळ वाहण्याचे काम आहे. आणि ज्याचे ओझे असेल त्याच्या दारी ते नीट उतरेपर्यंत, त्याची पोच मिळेपर्यंत, ते काम संपत नाही.